मारुती ८०० चं हेड पॅकिंग गॅरेजला न नेता घरीच बदलता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २००७ सालची मारुती ८००, घाटात तापली, मेकॅनिकने हेड पॅकिंग (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय म्हणून सांगितलं, खर्चाचा आकडा परवडत नाही, आणि घरासमोर फरशीचं अंगण आहे. तिथेच हे काम करता येईल का?

येईल. मी माझ्या गाड्यांची बहुतेक कामं अंगणातच करतो आणि ८०० चं हेडही तिथेच उतरवलं आहे. मोठं काम शिकायला ८०० इतकी सोयीची गाडी दुसरी नाही. ७९६ सीसीचं तीन सिलेंडरचं इंजिन, बॉनेट उघडलं की जवळपास सगळं हाताला लागतं, हेडसाठी इंजिन खाली उतरवावं लागत नाही आणि हेड एकट्याला उचलता येतं. १९८३ पासून २०१४ पर्यंत ही गाडी बनत होती, त्यामुळे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. पुण्यात असाल तर नाना पेठेत एक चक्कर पुरेशी आहे.

पण पाना हातात घेण्याआधी पॅकिंग खरंच गेलंय का ते स्वतः बघा. ऑइल टाकायच्या झाकणाखाली पिवळसर साय दिसली म्हणून लगेच तसं समजू नका. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालवली तरी आत बाष्प साचून तशी साय धरते. डिपस्टिक काढा. तिच्यावरचं ऑइलच दुधाच्या चहासारखं दिसत असेल, तर पाणी आत गेलंय, आणि त्यानंतर इंजिन एकदाही चालू करू नका, बेअरिंग खराब होतील. ऑइल स्वच्छ असेल तर इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडा, गाडी चालू करा आणि पाण्याकडे बघत राहा. अडकलेली हवा सुरुवातीला निघतेच, पण बुडबुडे थांबतच नसतील आणि अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर वाढत असतील, तर सिलेंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. सिलेंडरमधला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज मिळालं तर आणखी चांगलं. शेजारशेजारचे दोन सिलेंडर कमी दाखवत असतील, तर पॅकिंग बहुधा त्या दोघांच्या मधेच फाटलंय.

हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे. गरम असताना बोल्ट सैल केले तर ते वाकतं, म्हणून गाडी रात्रभर थंड होऊ द्या. तुमची गाडी एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनची) आहे, म्हणजे पेट्रोलच्या नळीत दाब असतो. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालू द्या (ऑइल दुधाळ असेल तर हे करू नका, नळीवर जाड फडकं गुंडाळून हळूहळू सोडवा), मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. प्रत्येक नळी आणि प्लग काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवून वर नाव लिहा. हेडचे बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे करून सैल करायचे.

आता ज्या गोष्टीवर हे काम टिकतं ती. बहुतेक लोक जुनं पॅकिंग काढतात, नवीन बसवतात आणि महिन्याभरात पुन्हा तिथेच येतात. तापलेल्या गाडीचं हेड वाकलेलं असू शकतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. हेड उलटं करून स्वच्छ पुसा, चांगल्या प्रतीची स्टीलची सरळपट्टी कडेवर उभी धरून लांबीला, रुंदीला आणि दोन्ही कर्णांवर ठेवा आणि खालून फिलर गेजची (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा संच) पाती सरकवून बघा. सगळ्यात पातळ पाती, ०.०५ मिलिमीटरची, कुठेतरी सहज आत जातेय का? गेली, तर हेड लेथवाल्याकडे न्यायचं. तो फेसिंग करून, म्हणजे पृष्ठभाग थोडा काढून सपाट करून देईल. तिथेच दाबाखाली तडा तपासून घ्या आणि व्हॉल्व्ह नीट बसतात का तेही बघायला सांगा. हे काम घरी होत नाही, काचेवर पॉलिश पेपर लावून घासण्याचे व्हिडिओ बघून तर अजिबात करू नका. उलट, सरळ असलेलं हेड 'आलंच आहे तर' म्हणून फेसिंग करू देऊ नका. दर वेळी धातू कमी होतो, कॉम्प्रेशन वाढतं. ब्लॉकचा वरचा भागही त्याच पट्टीने तपासायचा.

साफसफाईला वेळ द्या, अर्धा दिवस गेला तरी चालेल. जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या पट्टीने किंवा बोथट पातीने, आडव्या हाताने खरवडा. ग्राइंडरला ब्रश लावू नका: त्याची भुकटी ऑइलच्या वाटांमध्ये जाते. सिलेंडर आणि पाण्या-ऑइलची भोकं कापडाने बुजवून मगच खरवडा आणि शेवटी कापडाचे तुकडे मोजून बाहेर काढा. ब्लॉकमधली बोल्टची भोकं आतून कोरडी हवीत. तळाशी ऑइल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट त्यावर अडतो, टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराला 'टक' करणारा पाना) 'टक' करतो, तुम्हाला वाटतं घट्ट बसला, पण हेड मात्र दाबलं गेलेलं नसतं. वाईट झालं तर ब्लॉकलाच तडा जातो.

टॉर्क रेंचशिवाय हे काम सुरूच करू नका. हेडचे बोल्ट मधून बाहेर, मॅन्युअलमध्ये दिलेल्या क्रमाने आणि टप्प्याटप्प्याने आवळायचे असतात. 'हाताला अंदाज आहे' म्हणणारे उस्ताद असतात, त्यांचा अंदाज खरा असेलही, तुमचा अजून झालेला नाही. स्वतःचा रेंच घेणं जमत नसेल तर ओळखीच्या मेकॅनिककडून एक दिवस मागून आणा.

टायमिंग बेल्ट (क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम यांना जोडणारा पट्टा) काढलाच आहे तर नवाच घाला, तो ताणून धरणाऱ्या टेन्शनरचं बेअरिंगही बदला. कॅम आणि क्रँक दोन्हींच्या खुणा जुळवून बेल्ट चढवा, क्रँकच्या बोल्टवर पाना लावून इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा आणि खुणा पुन्हा बघा. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक होतो, म्हणून दोन. कुठेही अडल्यासारखं वाटलं तर जोर न लावता थांबा.

गाडी तापली कशाने, हे शोधल्याशिवाय जोडणी पूर्ण झाली असं धरू नका. रेडिएटरचा पंखा वेळेवर लागतो का, रेडिएटर आतून चोंदलाय का, झाकणाचा रबर कडक झालाय का ते बघा. झाकण दाब धरत नसेल तर पाणी लवकर उकळतं. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) नवा टाका. 'थर्मोस्टॅट काढूनच टाका, गाडी थंड राहते' हा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. ऐकू नका. इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त जातं आणि तापण्याचं मूळ कारण तसंच राहतं. बोअरचं पाणीही घालू नका, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर घाला.

गाडीखाली जाण्याबद्दल मात्र मी फार कडक आहे. सायलेन्सरचा पाइप सोडवायला खाली जावं लागलं तर फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. जॅक फक्त उचलण्यापुरता. त्यानंतर दोन जॅक स्टँड सपाट, टणक जमिनीवर, मागच्या चाकांना ओंडके, हँडब्रेक ओढलेला, आणि खाली जाण्याआधी गाडी जोराने हलवून बघायची. विटा आणि सिमेंटचे पोकळ ब्लॉक वजनाखाली एकदम फुटतात, आधी कुरकुरत नाहीत. घरात कोणाला तरी सांगून ठेवा.

याच हिशोबाने, शॉकअपच्या स्प्रिंगा, एअरबॅग आणि एसीचा गॅस ही कामं मी घरी करायला कोणालाच सांगणार नाही. हेड चुकलं तर गाडी बंद पडते. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जातो.

काढलेलं कूलंट उघड्या घमेल्यात ठेवू नका. ते गोडसर लागतं, कुत्री-मांजरं पितात आणि मरतात. काळं ऑइल गटारात ओतू नका. कायद्याने तो घातक कचरा आहे. डब्यात भरून एखाद्या सर्व्हिस सेंटरला द्या, बरेच जण घेतात.

पहिल्यांदा चालू करताना गाडी उघड्यावर ठेवा, हीटर पूर्ण गरमवर, आणि पंखा आपोआप लागेपर्यंत शेजारी उभे राहा. ऑइलमध्ये पाणी गेलं असेल तर आता भरलेलं ऑइल स्वस्तातलं चालेल, कारण शे-दोनशे किलोमीटरनंतर ते फिल्टरसकट पुन्हा बदलायचंच आहे.