'क्वारंटाइन'मधले चाळीस

प्रश्न असा आहे : कोविडमध्ये 14 दिवस घरी बसवत, तरी त्याला 'क्वारंटाइन' का म्हणायचे? आणि 'विलगीकरण' हा त्याचा नेमका प्रतिशब्द आहे का?

शब्दाच्या पोटात चाळीसच आहेत. व्हेनिसच्या बोलीत 'क्वारांतेना' म्हणजे चाळीस दिवसांची मुदत. तिच्या मुळाशी असलेला लॅटिन 'क्वाद्रागिंता' आणि आपल्या 'चाळीस'चा पूर्वज 'चत्वारिंशत्' एकाच कुळातले. 'चार' दोन्हींत आहे.

मुदत मात्र आधी तिसाची होती. 1348 च्या महामारीनंतरही प्लेग फिरून फिरून येत राहिला, तेव्हा रागुसाच्या (आजचे क्रोएशियातले दुब्रोव्निक) महासभेने 27 जुलै 1377 ला ठराव केला : प्लेगच्या मुलखातून येणाऱ्याने महिनाभर मर्कान बेटावर किंवा जवळच्या त्साव्तात गावी राहायचे, मगच शहरात पाऊल टाकायचे. परवानगीवाचून कुणी तिथे शिधा पोचवला, तर त्यालाही महिनाभर तिथेच अडकावे लागे. तिसाचे चाळीस होण्यामागे ख्रिस्ताचा चाळीस दिवसांचा उपवास आणि 'तीव्र आजार चाळिसाव्या दिवसापर्यंत निकाली लागतो' ही जुनी ग्रीक वैद्यकी समजूत, अशी दोन कारणे सांगतात.

प्लेगची लक्षणे बहुधा आठवड्याच्या आत दिसतात, म्हणजे माणसांसाठी चाळीस दिवस गरजेपेक्षा कितीतरी जास्त. व्यापारी ते सोसू शके. रोजावर पोट असलेल्या खलाशाचा तो महिना-सव्वा महिना बुडे. त्याहून वाईट गत हमालांची. लोकर-कापडाचे गठ्ठे सोडून, हात आत खुपसून ते रोज उलथेपालथे करायचे, वारा द्यायचा, धुरी द्यायची. प्लेग पसरवणाऱ्या पिसवा गठ्ठ्यातच दडलेल्या असल्या, तर त्या आधी त्यांनाच चावणार. उंदरांना तर कुठलीच मुदत लागू नव्हती.

आता प्रतिशब्द. व्हेनिसने 1423 मध्ये आजाऱ्यांसाठी एक बेट राखले आणि 1468 मध्ये संशयितांसाठी दुसरे. पुण्यातही 1897 च्या प्लेगात रुग्ण इस्पितळात आणि घरची माणसे 'सेग्रेगेशन कँपा'त, अशी ताटातूट होई. हा फरक शब्दांतही राहायला हवा. कोविडमध्ये 'विलगीकरण' दोन्हींसाठी सरसकट वापरले गेले आणि धडधाकट माणूसही शेजाऱ्यांना रोगी वाटू लागला. म्हणून रुग्णासाठी 'विलगीकरण' आणि लक्षणे नसलेल्या संशयितासाठी 'अलगीकरण' लिहावे. 'सूतक' मात्र इथे चालणार नाही. त्याचे दिवस नात्यावर ठरतात, संसर्गावर नाही.