'ब्लडी'मध्ये शिवी कुठून आली?

बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'मधल्या, म्हणजे आपल्या 'ती फुलराणी'च्या मूळ नाटकातल्या, 'ब्लडी' या एका शब्दाने १९१४ साली लंडनमध्ये खळबळ उडाली. त्यात एवढं अशिष्ट काय होतं, आणि 'बाय अवर लेडी' या मेरीमातेच्या शपथेचा हा अपभ्रंश आहे का, असा प्रश्न आला आहे.

मेरीमातेची व्युत्पत्ती ऐकायला छान आहे, पण मला ती पटत नाही. व्याकरणच आड येतं. ती शपथ वाक्यात सुटी येते, आपल्या 'देवाशप्पथ'सारखी. 'ब्लडी' मात्र विशेषणाला चिकटतो : ब्लडी हॉट, ब्लडी ड्रंक. 'देवाशप्पथ गरम' हा उन्हाळा कुणी पाहिलाय? शिवाय 'गलिव्हर'चा लेखक जोनाथन स्विफ्टने, जो स्वतः धर्मोपदेशक होता, १७११ साली मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात आज चालताना 'ब्लडी हॉट' होतं, असं अगदी सहज म्हटलंय. आपलं 'मरणाचं ऊन' तसंच, 'भयंकर गोड'ही तसंच. रक्त, मरण, भय या शब्दांचा अर्थ झिजतो आणि नुसता जोर उरतो.

पुढे हा शब्द कष्टकरी वस्त्यांमधल्या लोकांच्या तोंडी इतका रुळला की सभ्य घरांनी तो वाळीत टाकला. अर्थ तोच होता, त्याला नावं ठेवली गेली ती बोलणाऱ्यांमुळे. १८८७ मध्ये गिल्बर्ट-सलिव्हनच्या 'रडीगोर' या संगीतिकेच्या नावावरही लोक बिथरले, कारण 'रडी' हा 'ब्लडी'चाच सौम्य पर्याय. शेवटी स्पेलिंगमधलं एक अक्षर बदलावं लागलं.

शॉने नेमकी हीच नस पकडली. नाटकाची नायिका, फुलं विकणारी एलायझा, हिला सभ्य बोलणं शिकवलंय आणि तिचे उच्चार आता निर्दोष आहेत. बागेतून चालत जाणार का, असं फ्रेडी नावाचा सभ्य घरातला तरुण विचारतो आणि ती त्याच घोटीव उच्चारांत म्हणते, 'नॉट ब्लडी लाइकली', मी टॅक्सीने जाणार! उच्चार दिवाणखान्यातला, शब्द रस्त्यावरचा. त्याहून मार्मिक म्हणजे फ्रेडीच्या बहिणीला ही बोलण्याची नवी फॅशन वाटते आणि निघताना तीही 'ब्लडी नॉन्सेन्स' म्हणून जाते.

आज ब्रिटनमध्ये हा शब्द बराच निवळलाय, तरी औपचारिक बोलण्यात टाळलेला बरा. आणि अनुवादात 'रक्ताळलेला' नको, कृपा करून. एलायझाच्या त्या वाक्यासाठी मी लिहीन : "चालत? च्यायला, मुळीच नाही!"