आधी दोर धरायला शिका, मग कातळ

पाऊस सरला की प्रस्तरारोहणाबद्दलची पत्रं वाढतात. या वेळी बहुतेकांनी चढायचं कसं हेच विचारलंय. खाली उभं राहून चढणाऱ्याचा दोर कसा सांभाळायचा, म्हणजे बिले कशी द्यायची, हे एकाच पत्रात आहे. म्हणून त्या उत्तराला जागा जास्त दिली आहे.

प्रश्न : आम्ही चौघे बेळगावात कॉलेजला आहोत. रविवार पेठेतून १२ मिलिमीटरचा नायलॉनचा नवा दोर घेतलाय, ३० मीटर. दुकानदार म्हणाला, दोन माणसं लटकली तरी तुटणार नाही. राजहंसगडाकडे सराव केला तर चालेल का? (बेळगाव)

दुकानदार खोटं बोललेला नाही, पण लटकणं वेगळं आणि पडणं वेगळं. पडणाऱ्या माणसाचा वेग कुठेतरी जिरावा लागतो. चढाईचा डायनॅमिक दोर झटक्यात ताणतो आणि तो वेग जिरवतो. ‘इएन ८९२’ या मानकाच्या चाचणीत पहिल्या पडण्याला तो ४० टक्क्यांपर्यंत ताणलेला चालतो, आणि झटका १२ किलोन्यूटनच्या, म्हणजे साधारण १२०० किलोच्या भाराच्या, वर जाता कामा नये. पेठेतला दोर किती ताणेल, गाठीत किती कमजोर होईल, धारेवर घासला तर किती टिकेल, हे कुणी तपासलेलंच नसतं. तो ट्रकला बांधा.

नवा घ्याल तर ९.५ ते १०.५ मिलिमीटर जाडीचा आणि ६० मीटर लांबीचा घ्या. टोकाच्या पट्टीवर मानकाचा क्रमांक आणि गोलात १ हा आकडा असतो, म्हणजे तो एकटा वापरायचा दोर. ट्रेकिंग ग्रुपकडे असतो तो रॅपलिंगचा दोर बहुधा ‘इएन १८९१’चा, कमी ताणणारा. उतरायला उत्तम, पण आपण दोराच्या वर चढून जाणार असू तिथे तो चालत नाही.

जागेबद्दल सांगायचं तर गडाच्या तटावर चढूच नका. तो वारसा आहे, आणि तटाच्या दगडाची पकड कधी निसटेल याचा नेम नसतो. आपल्याकडचा जांभाही विश्वासाचा नाही. तो भोकाभोकांचा असल्यामुळे पकडी भरपूर वाटतात, पण हातात तुकडा येतो आणि त्यात दोर अडकवायचा बोल्टही नीट बसत नाही. सुरुवात बोल्ट मारलेल्या, वापरातल्या कातळावर आणि जाणत्या माणसाबरोबर करा.

प्रश्न : मुलगी सोळा वर्षांची आहे. बदामीला शिबिराला जायचं म्हणते. पाठवण्याआधी काय विचारू? (खानापूर)

जागा चांगली निवडलीय तिने. बदामीचा लाल वालुकाश्म पकडीला खरबरीत आहे आणि बोल्ट मारलेल्या वाटा भरपूर आहेत. फक्त एक लक्षात ठेवा : वालुकाश्म ओला झाला की आतून कमजोर होतो. वरून सुकलेला दिसला तरी आतली ओल जायला दोन-तीन दिवस लागू शकतात. पाऊस झाल्यावर दुसऱ्याच दिवशी चढवणारं शिबिर नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. एप्रिलमध्ये दगड तापतो आणि घामाने हात सुटतात.

विचारा : एका प्रशिक्षकामागे किती मुलं असतील? वरच्या अँकरला, म्हणजे दोर जिथे अडकवतात त्या जागेला, एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन आधार असतात का? पहिल्या दिवशी मुलं खाली उभी राहून दोर धरायला शिकतात, की थेट चढतात? दोर किती वर्षांचा? एकदाही न वापरलेला दोरसुद्धा दहा वर्षांनी बाद करतात. आणि इस्पितळ किती दूर, गाडी तयार असते का? या प्रश्नांना “काळजी करू नका हो ताई” एवढंच उत्तर आलं, तर दुसरं शिबिर बघा.

प्रश्न : माझं वजन ५१ किलो, जोडीदाराचं ७८. मी त्याला बिले देऊ शकते का? (निपाणी)

टॉप रोपवर, म्हणजे दोर वरच्या अँकरमधून येत असताना, देऊ शकता. वरच्या कॅराबिनरमध्ये (फाटक असलेल्या कडीत) आणि तुमच्या बिले डिव्हाइसमध्ये, म्हणजे दोर अडवणाऱ्या साधनात, घर्षण मिळतं. तरी तो लोंबकळला की तुम्ही ओढल्या जाल. म्हणून कातळाच्या जवळ उभ्या राहा. चार पावलं मागे राहिलात तर फरफटत पुढे जाऊन आपटाल. हार्नेसच्या, म्हणजे कमरेला-मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांच्या, पुढच्या बिले लूपमधून एक पट्टा खालच्या भक्कम झाडाला किंवा रोवलेल्या मोठ्या धोंड्याला बांधा. तो ओढीच्या रेषेत हवा आणि सैल नको. लीड चढाईत, म्हणजे दोर खालून सोबत नेत चढताना, मात्र इतका फरक चालवून घेऊ नका. तिथे जड माणूस खाली हवा.

आता हात. साध्या नळीच्या डिव्हाइसवर, उजवा हात ब्रेकचा धरून :

डाव्याने चढणाऱ्याकडचा दोर खाली ओढा, त्याच वेळी उजव्याने तो डिव्हाइसमधून बाहेर खेचा. लगेच उजवा हात मांडीकडे खाली न्या. ही ब्रेकची जागा, हात विसावला की इथेच. मग डावा हात उजव्याच्या खाली दोरावर लावा, उजवा हात दोर न सोडता डिव्हाइसकडे सरकवा, आणि डावा पुन्हा वर.

उजव्याची मूठ एकदाही उघडत नाही, बाकी सगळं सवयीचं आहे. नवखे चुकतात ते इथेच : दोर भराभर यायला लागला की दोन्ही हात वर राहतात, आणि नेमका तेव्हाच जोडीदार सुटतो. हात वर असताना डिव्हाइस जवळजवळ काहीच थांबवत नाही. पहिले काही दिवस तिसऱ्या माणसाला तुमच्या ब्रेकच्या हातामागे दोर धरून उभं करा. आपोआप अडकणारं डिव्हाइस असलं तरी मूठ सोडायची नाही. उलटा दोर घातला की तेही अडकत नाही. घातल्यावर चढणाऱ्याकडचा दोर हिसका देऊन बघा.

चढण्याआधी एकमेकांना तपासा. आठाची गाठ हार्नेसच्या पुढच्या दोन्ही फाशांतून ओवलेली, पदर समांतर, शेपूट किमान १० सेंटिमीटर. कमरपट्टा हाडांच्या वर. कॅराबिनरचं कुलूप फिरवलेलं : फाटक उघडं राहिलं तर २० किलोन्यूटन पेलणारा कॅराबिनर सातेकच पेलतो. आणि दोराच्या खालच्या टोकाला गाठ. वाट ३२ मीटर असली तर ६० मीटरचा दोर उतरवताना पुरत नाही, टोक डिव्हाइसमधून सुटतं आणि माणूस खाली येतो. जाणत्यांच्याही हातून हा अपघात होतो.

हाकांचंही ठरवा. ‘ओढ’ आणि ‘सोड’ या वाऱ्यात एकसारख्या ऐकू येतात आणि अर्थ उलटे! आम्ही ‘टेक’ (ओढ) आणि ‘स्लॅक’ (सोड) वापरायला सांगतो, हाकेआधी नाव घेऊन. बदामीत कन्नड बोलणाऱ्या जोडीदारालाही त्या कळतात.

प्रश्न : तीन मिनिटांत हाताच्या पोटऱ्या दगडासारख्या होतात. व्यायाम कोणता करू? (गोकाक)

व्यायाम नंतर. तुम्ही हातांनी वर ओढून घेत असणार. चढतात पायांनी. कोपर सरळ ठेवून लटका, पाय आधी वर ठेवा, मग पायांवर उभे राहा. पायाची जागा डोळ्यांनी ठरवा, बूट ठेवेपर्यंत नजर हटवू नका, आणि टाच नव्हे, अंगठ्याकडची धार टेकवा. कंबर कातळाला लागेल एवढी जवळ घ्या. मिठी मारून धरायची सवयही जाते : पकड सुटू नये एवढीच ताकद लावा. विश्रांतीला एक हात खाली सोडून झटका. पहिला महिनाभर आठवड्याला दोनदाच चढा. स्नायू लवकर सावरतात, बोटांचे कंडरे मागे राहतात.

प्रश्न : बूट कोणत्या मापाचे? (चिक्कोडी)

बोटं टोकाला टेकतील पण वळून दुखणार नाहीत इतके. पहिल्या जोडीला महाग कशाला? चालायला वापरू नका.

प्रश्न : जांबोटी भागात कड्यांना आग्या माशांची पोळी असतात. काही उपाय? (खानापूर)

एकच : दोर लावण्याआधी कड्याखाली थांबून वरचे छज्जे नजरेखालून घाला, आणि पोळं दिसलं की तो कडा सोडा. अत्तर लावू नका, धूर करू नका, मोठ्याने हाका मारू नका. माश्या उठल्याच तर दोरावरच्याला लगेच खाली घ्या. बिले देणाराने हात सोडून पळायचं नाही. त्याच्या ताब्यात वरच्याचा जीव आहे. तो जमिनीवर आला की दोघांनी तोंड झाकून दूर धावायचं, दोर राहू दे तिथेच.