बांगड्या मोडण्याआधी हिशोबाचा कागद वाचा

प्रश्न : सर, माझं वय ४७. भोसरीच्या एका कंपनीत गिअरचे दाते कापणाऱ्या हॉबिंग मशीनवर १८ वर्षं ८ महिने काम केलं. गिअरची ती लाइन बंद झाली आणि फेब्रुवारीपासून आम्हा अकरा जणांना कामावर घेत नाहीत. बेसिक आणि डीए मिळून १८,२०० होते, हातात २५,००० यायचे. एचआरवाले म्हणतात, राजीनाम्यावर सही करा आणि १८ वर्षांच्या ग्रॅच्युइटीचा १,८९,००० चा चेक लगेच घेऊन जा. मला आर्गॉन वेल्डिंग शिकायचं आहे. एक खासगी क्लास तीन महिन्यांचे ६२,००० मागतो, नोकरीची हमीही देतो. घराचा हप्ता धरून महिन्याला २४,००० लागतात, मुलगी बारावीला आहे. बायको म्हणते, माझ्या बांगड्या मोडू. पीएफ काढू, बांगड्या मोडू की कर्ज घेऊ? आणि या वयात हात बसेल का?
— एक वाचक, दिघी

उत्तर : भाऊ, आधी एक काम करा. त्या राजीनाम्यावर सही करू नका. केली असेल तर त्याची प्रत मागून घ्या. तुम्ही फीचे पैसे कुठून आणायचे हे विचारलंत, पण निम्मं उत्तर त्याच कागदात अडकलंय.

ग्रॅच्युइटी पाच वर्षं भरलेल्या कामगाराला मिळतेच, राजीनामा दिला तरी आणि कंपनीने काढलं तरी. ती राजीनाम्याच्या बदल्यात मिळणारी मेहेरबानी नाही. आता हिशोब बघा. १८,२०० भागिले २६ म्हणजे ७००. त्याला १५ ने गुणलं की एका वर्षाचे १०,५०० होतात. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरायचा, असं कायदाच सांगतो. म्हणजे तुमची वर्षं १८ नाहीत, १९ आहेत आणि रक्कम १,९९,५००. तुमचे साडेदहा हजार कुणीतरी गाळले. चुकून गाळले असतील, तरी ते तुमचेच आहेत. कंपनीला साध्या कागदावर लिहून द्या आणि पोच घ्या.

राजीनाम्याने जातं ते वेगळंच. कंपनीने काम नाही म्हणून काढलं तर ती कपात होते. कपातीत एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार मिळतो, शिवाय प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई. ही ग्रॅच्युइटीहून वेगळी आणि साधारण तेवढीच मोठी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत आणखी एक तरतूद आहे, ती खास तुमच्यासारख्यांसाठी. कपात झालेल्या कामगाराला नवं कौशल्य शिकता यावं म्हणून मालकाने त्याच्या शेवटच्या पगाराच्या १५ दिवसांएवढी रक्कम निधीत भरायची आणि ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. रक्कम फार नाही, पण ती शिकण्यासाठीच ठेवलेली आहे. स्वेच्छेने राजीनामा देतो असं लिहून दिलंत की भरपाई आणि हा निधी, दोन्हींवरचा हक्क सुटतो. अकरा जण आहात ना? अकरांनी मिळून जा. एकेकट्याला केबिनमध्ये बोलावलं तर जाऊ नका.

(ज्यांचा पगार २१,००० पर्यंत होता आणि ईएसआयसी (कामगार विमा) कापली जात होती, त्यांनी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेची चौकशी जरूर करावी. अटी बसल्या तर जास्तीत जास्त २४ महिने बेकारी भत्ता मिळतो आणि प्रशिक्षणाचा खर्चही त्यात आहे. तुमचा पगार वरचा, म्हणून तुम्हाला ती लागू नाही.)

आता घरचा हिशोब. लोक फी मोजतात आणि तिथेच थांबतात. तीन महिने शिकणं आणि काम लागेपर्यंत दोन, म्हणजे पाच महिने घर चालवायचंय. २४,००० गुणिले पाच म्हणजे १,२०,०००. ग्रॅच्युइटीतून ते बाजूला काढले की ७९,५०० उरतात. त्यातून ६२,००० फी दिलीत तर हातात साडेसतरा हजार. मुलीच्या बारावीनंतरची फी तोंडावर आलेली असताना हा हिशोब मला फार ताणलेला वाटतो. म्हणून भरपाईचे पैसे महत्त्वाचे, आणि म्हणूनच त्या ६२,००० कडे नीट बघायला हवं.

पीएफ. बेकारीत ७५ टक्के रक्कम काढता येते, हे खरं. तरी माझं मत, हात लावू नका. २०२४-२५ साठी त्यावर ८.२५ टक्के व्याज मिळालं आणि तुमच्या पिढीला तेवढीच खात्रीची शिल्लक आहे. सेवा दहा वर्षांच्या वर असल्याने पेन्शनचा भाग तसाही काढता येत नाही, तो ५८ व्या वर्षी पेन्शन म्हणून येईल.

कर्जच घ्यायचं झालं तर बँकेत जाऊन 'कौशल्य कर्ज' असं नाव घेऊन विचारा. आयटीआय, तंत्रनिकेतन किंवा सरकारमान्य कौशल्य चौकटीतल्या कोर्सला ते तारणाशिवाय मिळतं. २०२४ साली त्याची मर्यादा दीड लाखावरून साडेसात लाख झाली. वर्षाच्या आतल्या कोर्सला शिक्षण संपल्यावर सहा महिन्यांनी हप्ता सुरू होतो आणि ५०,००० ते एक लाखाचं कर्ज पाच वर्षांत फेडायचं असतं. या कर्जाचा आणखी एक उपयोग आहे. क्लासवाल्याला विचारा, 'तुमच्या कोर्सला कौशल्य कर्ज मिळतं का?' तो गडबडला तर समजून घ्या.

मुद्रा कर्ज फीसाठी नसतं. उद्या स्वतःचं मशीन घ्याल तेव्हा त्याचा विचार करा, ५०,००० पर्यंत शिशु आणि त्यावर पाच लाखांपर्यंत किशोर. पीएम विश्वकर्माच्या १८ धंद्यांत लोहार आहे, वेल्डर नाही. लोहार म्हणून नाव लावून देतो असं सांगणारा एजंट भेटेल. त्याला पैसे देऊ नका.

बांगड्यांचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण ते लिहिताना मला त्रास होतो. माझ्या मावसभावाने प्रेस बंद पडल्यावर अशाच एका क्लासला ४०,००० भरले होते. अठरा जणांत दोन मशीन आणि आर्गॉनचं सिलिंडर बहुतेक वेळा रिकामं. पहिला महिना वह्या भरण्यात गेला. वहिनीची पाटली सराफाकडे गेली ती परत आली नाही. तो आज वॉचमन आहे. त्याचा हात चांगला होता, मी स्वतः पाहिलाय.

म्हणून पैसे भरण्याआधी क्लासमध्ये जा, ऑफिसात बसू नका, शेडमध्ये जा. भंगाराचा डबा बघा. जिथे मुलं खरोखर शिकतात तिथे डबा जोडलेल्या आणि मधून कापलेल्या पट्ट्यांनी भरलेला असतो. त्यातली एक स्टेनलेसची पट्टी उचला. बीडचा, म्हणजे जोडावरच्या धातूच्या रेघेचा, रंग फिकट सोनेरी असेल तर आर्गॉन गॅस नीट मिळतोय. सगळ्या पट्ट्या राखाडी काळ्या असतील तर उष्णता जास्त जातेय किंवा आर्गॉन वाचवला जातोय. मग तिथल्या मुलालाच विचारा, दिवसाला टॉर्च किती वेळ हातात येते. दोन तासांच्या खाली उत्तर आलं तर परत फिरा.

त्याआधी औंधची सरकारी आयटीआय आणि पिंपरी-चिंचवड महापालिकेची मोरवाडीची आयटीआय, दोन्हीकडे जाऊन कमी मुदतीच्या बॅचची चौकशी करा. वर्षाचा वेल्डर ट्रेड तिथे फारच स्वस्तात होतो आणि प्रवेशाला वयाची वरची अट नाही, पण वर्षभर कमाईविना राहणं तुम्हाला झेपणार नाही. सरकारी मोफत अल्पमुदत कोर्सना, म्हणजे पीएमकेव्हीवायला, ४५ ची अट आहे. ती तुम्ही दोन वर्षांनी चुकवलीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. माणसाची नोकरी जाते ती बहुतेक पंचेचाळिशीनंतर, आणि दार नेमकं तिथेच बंद होतं. ही अट बदलायला हवी.

हात बसेल का? मी २६ वर्षं वेल्डर ट्रेडचा निदेशक होतो. चाळिशी ओलांडलेले मोजकेच आले, पण मशीनवर आयुष्य काढलेला माणूस टॉर्चमधल्या टंगस्टनच्या सळीचं टोक कसं घासायचं हे एकदाच सांगितलं की विसरत नाही. टोक पेन्सिलीसारखं आणि घासायचं लांबीच्या दिशेने, आडवं घासलं की आर्क, म्हणजे विजेची ज्योत, भरकटतो. सोळा वर्षांच्या पोराला मी हे महिनाभर सांगत असे. तुम्हाला ड्रॉइंग वाचता येतं, व्हर्नियर हातात बसलाय. स्टेनलेसच्या टाक्या, पाइप बनवणाऱ्या शेडमध्ये असा वेल्डर सहज मिळत नाही. अडचण डोळ्यांची येईल. जवळचा चष्मा लागला असेल तर हेल्मेटच्या आत बसवायचं भिंग मिळतं, ते पहिल्याच दिवशी घ्या. नाहीतर वितळलेल्या धातूचं डबकं धूसर दिसेल आणि तुम्ही दोष वयाला द्याल.

कामावर घेताना प्रमाणपत्र कमी बघतात, टेस्ट पीस जोडायला देतात. शिकताना तेवढं एकच ध्यानात ठेवा. आणि एचआरने दिलेल्या कागदाचा फोटो मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावे पाठवा. सही करायच्या आत पाठवा, वाचून लगेच कळवतो.