लातूरची पहिली टेक-संध्याकाळ: पाच टॉक नकोत, दोनच ठेवा

तुमचा बेत असा दिसतोय: क्लासचा हॉल फुकट मिळतोय, पन्नासेक माणसं, रविवारी सहा ते नऊ, पाच टॉक, त्यातले दोन लाइव्ह कोडिंगचे (लोकांसमोरच कोड लिहून दाखवण्याचे). यात काय बदलावं, असं विचारलंय. बरंच बदलावं लागेल.

आधी वार. पुण्यात नोकरी करणारी आणि सुट्टीला घरी येणारी मंडळी हे तुमचे हक्काचे वक्ते. रविवारी रात्री ती ट्रॅव्हल्समध्ये असतात. शनिवार धरा. त्या संध्याकाळी हॉलमध्ये बॅच नाही ना, एवढं क्लासच्या सरांना विचारून घ्या. वेळ साडेसहा ते साडेआठ, आणि साडेआठ म्हणजे साडेआठच. औसा-रेणापूरकडे परतणाऱ्यांना शेवटची एसटी गाठायची असते, होस्टेलवरच्या मुलींना गेट. कार्यक्रम लांबला की पुढच्या वेळी नेमके हेच लोक गळतात.

दोन तासांत दोनच टॉक बसतात: २५ मिनिटं बोलणं, १० मिनिटं प्रश्न. शेवटी पाच-पाच मिनिटांचे तीन छोटे टॉक, नवख्यांसाठी. चहा मध्ये ठेवू नका, विस्कटलेली माणसं परत बसवण्यातच वेळ जातो. सव्वासहाला दारातच द्या. उशिरा येणारेही त्यात खपून जातात. पन्नास जणांना पाच लिटर पुरतो. दीपप्रज्वलन, मान्यवरांची मनोगतं, शाल-श्रीफळ यांना पूर्ण फाटा. हॉल देणाऱ्या सरांचे आभार दोन वाक्यांत माना, तेही पहिल्या टॉकनंतर.

खरी मेहनत विषयावर घ्या. 'एआयचं भविष्य' यूट्यूबवर ढिगाने पडलंय, त्यासाठी कोणी घराबाहेर का पडावं? विषयात एक अडचण हवी आणि ती आपल्याकडच्या कामातली हवी. उदाहरणार्थ, बाजार समितीच्या सोयाबीन दरांची एक्सेल फाइल पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत घेणे. तारखा मजकूर म्हणून आलेल्या असतील तर पांडाज (पायथनमधली तक्ते हाताळणारी लायब्ररी) ०५/०६/२०२४ ही तारीख ५ जूनऐवजी ६ मे म्हणून वाचतं, कारण वेगळं न सांगितल्यास ते महिना आधी धरतं. पांडाजच्या २.० च्या आधीच्या आवृत्त्या प्रत्येक ओळीचा वेगळा अंदाज बांधायच्या: १३/०६ बरोबर १३ जून, पण त्याच रकान्यात ०५/०६ मात्र ६ मे. एरर नाही, फक्त आलेख वेडावाकडा. २.० पासून रकान्यातल्या पहिल्या तारखेवरून साचा ठरतो आणि पुढे महिन्याच्या जागी १३ आला की एरर येते, हे त्या मानाने बरं. उपाय एका ओळीचा, 'डेफर्स्ट' (दिवस आधी) हा पर्याय ट्रू करा. पण ही ओळ का लागते हे फाइल उघडून दाखवलं की पंचवीस मिनिटं कशी जातात कळत नाही.

दुसरा तसाच विषय देवनागरी मजकुराचा. 'स्त्री' दिसायला एक अक्षर, पण पायथन आणि जावास्क्रिप्ट दोन्ही त्याची लांबी ६ सांगतात (स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी) आणि यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवण्याची नेहमीची पद्धत) ते १८ बाइट घेतं. बाइटवर मर्यादा असलेल्या रकान्यात नाव मधेच तुटतं ते यामुळे. एसएमएस इंग्रजीत १६० अक्षरांचा, मराठीत ७० चा. पतसंस्थेचं सॉफ्टवेअर करणाऱ्याला हा थेट खर्चाचा मुद्दा आहे. फॉर्ममध्ये कोणी '१२३' देवनागरीत लिहिलं तर पायथनचं इंट ते मुकाट्याने १२३ करतं, जावास्क्रिप्टचं नंबर मात्र 'नॅन', म्हणजे 'ही संख्या नाही', असं देतं.

वक्त्याकडून आठवडाभर आधी तीन गोष्टी लिहून मागवा: अडचण काय, पडद्यावर कोणती एरर दिसणार, आणि ऐकणारा सोमवारी कामावर काय वापरून बघेल. तिसऱ्याचं उत्तर आलं नाही तर टॉक पुढच्या महिन्यावर ढकला.

हॉलची तपासणी आदल्या दिवशी, त्याच लॅपटॉपवर. क्लासच्या इन्व्हर्टरवर पंखे आणि ट्यूब असतात, प्रोजेक्टरचं सॉकेट बहुधा नसतं. मेन स्विच पाडून बघा, म्हणजे कळेल. दिव्याचा जुना प्रोजेक्टर वीज गेल्यावर गरम असतानाच लगेच सुरू होत नाही, काही मिनिटं थांबवतो. नव्या लॅपटॉपला फक्त सी-टाइप असेल तर नुसता कन्व्हर्टर आणून भागत नाही. काही सी-टाइप पोर्ट चार्जिंग आणि डेटापुरतेच असतात, त्यातून चित्र निघतच नाही. रिझोल्यूशन १२८० बाय ७२० ठेवा, टर्मिनलचा फॉन्ट २४, पार्श्वभूमी पांढरी. काळी थीम लॅपटॉपवर छान दिसते, पण ट्यूबच्या उजेडात पडद्यावर धुरकटते. शेवटच्या बाकावरून अर्धविराम आणि स्वल्पविराम वेगळे ओळखू आले पाहिजेत.

लाइव्ह कोडिंग एकच ठेवा. प्रत्येक टप्प्यावर गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणारं साधन) टॅग, म्हणजे खूण, मारून ठेवायला सांगा. टायपिंग फसलं की दोन मिनिटांच्या वर शोधाशोध नाही, सरळ पुढच्या टॅगवर जायचं. सुरू करण्याआधी नोटिफिकेशन बंद. एपीआय की (ऑनलाइन सेवा वापरण्याची गुप्त किल्ली) असलेली फाइल चुकून उघडली तर ती की त्याच रात्री रद्द करा, कारण ती रेकॉर्डिंगमध्येही गेलेली असते.

लोकांनीही सोबत करून बघावं असं असेल तर हॉटस्पॉटवर भिस्त नको. लागणारी पायथनची पॅकेजं 'पिप डाउनलोड' या कमांडने एका फोल्डरात घेऊन चार-पाच पेनड्राइव्हवर टाका. मात्र लिनक्सवर उतरवलेली बरीच पॅकेजं विंडोजवर चढत नाहीत, आणि पायथनची आवृत्ती वेगळी असली तरी तेच. त्यामुळे निमंत्रणातच आवृत्ती लिहा आणि फोल्डर विंडोजच्या मशिनवर बनवा. क्लासच्या वायफायवरून लॅपटॉप ते लॅपटॉप फाइल देण्याचा बेत असेल तर राउटरमधलं क्लायंट आयसोलेशन आधी बघा. ते चालू असलं की इंटरनेट मिळतं, पण शेजारचं मशिन दिसत नाही.

रेकॉर्डिंगला एक फोन ट्रायपॉडवर आणि वक्त्याला कॉलर माइक, एवढं पुरे. फोन लांब ठेवून त्याच्याच माइकवर घेतलं तर पंख्याचा आवाज वक्त्याच्या वर येतो. प्रेक्षकांचा प्रश्न वक्त्याने माइकवर पुन्हा म्हणायचा, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये नुसती उत्तरंच राहतात. १०८०पी ला मिनिटाला शंभर-सव्वाशे एमबी जातात, तेव्हा दोन तासांसाठी १६ जीबी मोकळी ठेवा. फोन एअरप्लेन मोडवर टाका. ऐन डेमोत कोणाचा कॉल आला तर काही फोनवर रेकॉर्डिंग तिथेच थांबतं.