आधी अर्थिंग, मग गाडी
इलेक्ट्रिक कार घेतलेल्या आणि घ्यायच्या विचारात असलेल्या वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

या वेळची पत्रं जळगाव, धुळे, नंदुरबार अशा तिन्ही जिल्ह्यांतून आली आहेत. मी आयटीआयमध्ये वायरमन ट्रेडच्या मुलांना शिकवते आणि आमच्या दारातही इलेक्ट्रिक कार उभी असते, म्हणून संपादकांनी सगळा गठ्ठा माझ्याकडे दिला. बहुतेकांनी रेंज आणि बॅटरीबद्दल विचारलं आहे. ते सगळं घेणार आहे, पण पारोळा तालुक्यातल्या एका पत्रानं माझी झोप उडवली. त्याचं उत्तर आधी.

प्रश्न : गाडीसोबत मिळालेला चार्जर घरच्या सॉकेटला लावला की लाल दिवा लागायचा. शोरूमवाले म्हणाले, तुमच्याकडे अर्थिंग नाही. गावातल्या वायरमननं सॉकेट उघडून आतल्या आत एक छोटी वायर जोडली. आता हिरवा दिवा लागतो, गाडी चार्ज होते. पण चार्जिंग चालू असताना गाडीला हात लावला की झिणझिण्या येतात, असं मुलगा सांगतो. काळजी करण्यासारखं आहे का? (पारोळा तालुका)

हो भाऊ, फार काळजी करण्यासारखं आहे. हे वाचत असाल तिथूनच उठा, मेन बंद करा आणि तो सॉकेट वापरातून काढा. गाडी चार दिवस उभी राहिली तरी चालेल.

त्या वायरमननं काय केलं ते मला न पाहताही सांगता येतं. त्यानं सॉकेटची अर्थची पिन न्यूट्रलला जोडली. चार्जर सुरू होण्याआधी अर्थ आहे का ते तपासतो. न्यूट्रल शेवटी डीपीपाशी, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरपाशी, जमिनीला जोडलेलीच असते, त्यामुळे चार्जरला वाटतं की अर्थ मिळाली, आणि दिवा हिरवा होतो. घरात अर्थ मात्र आलेली नसते. आता गाडीचा सगळा पत्रा तुमच्या घराच्या न्यूट्रलला बांधलेला आहे.

न्यूट्रलवर नेहमी थोडं व्होल्टेज असतं. गावात एका फेजवर लोड जास्त आणि दुसऱ्यावर कमी झाला की ते वाढतं. मुलाच्या हाताला लागतं ते बहुधा हेच. पण खरा धोका पुढे आहे. वादळात किंवा खांबावरचा जुना जोड सडून न्यूट्रल तुटली, तर घरातल्या फ्रिज-पंख्यातून गेलेल्या करंटला परतीची वाट उरत नाही. मग तो त्या छोट्या वायरमधून गाडीच्या पत्र्यावर येऊन थांबतो. गाडी रबरी टायरवर उभी, म्हणून तिला काही होत नाही. ओल्या अंगणात अनवाणी उभं राहून जो दार उघडेल, त्याच्या अंगातून करंट जमिनीत जाईल. दुसरी शक्यता आणखी साधी आहे. खांबावर दुरुस्ती करताना तुमच्या सर्व्हिस वायरची फेज आणि न्यूट्रल अदलाबदल झाली, तर त्या क्षणापासून गाडीच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट. पंखे, दिवे सगळं नेहमीसारखं चालू राहील, म्हणजे कुणाला शंकाही येणार नाही.

वायरमनचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. त्याला दिवा हिरवा करून मागितला, त्यानं करून दिला. पण प्रत्येक बॅचला मी हे शिकवते आणि इथेही लिहिते : चार्जरचा लाल दिवा घरातला दोष दाखवतो. दिवा गप्प करायचा नसतो, दोष काढायचा असतो. बाजारात याच कामासाठी तयार अडॅप्टरही मिळतात, तेही घेऊ नका.

आता करायचं काय? स्वतंत्र अर्थिंगचा खड्डा. आपल्याकडच्या काळ्या मातीत यासाठी थोडा विचार लागतो. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. ओली असताना करंट छान जिरवते, पण वैशाखात पाइपाभोवतीची माती सुटून येते आणि अर्थिंग नावापुरतं राहतं. पावसाळ्यात व्यवस्थित चालणारा चार्जर एप्रिल-मेमध्ये लाल दिवा दाखवतो अशी तक्रार यावल, चोपडा, शिरपूर अशा तीन ठिकाणांहून आली आहे. तिथल्या वाचकांनीही हेच उत्तर समजावं. खड्डा मोरीच्या किंवा पाण्याच्या टाकीच्या बाजूला घ्या, म्हणजे ओल टिकेल. पाइप अडीच-तीन मीटर खोल जाऊ द्या. भोवती कोळसा-मीठ किंवा तयार अर्थिंगचं मिश्रण भरा. वर झाकण आणि पाणी ओतायला नरसाळं ठेवा, आणि उन्हाळाभर त्यात पाणी घालत राहा. तिथून हिरवी तांब्याची वायर सलग सॉकेटपर्यंत आणा. मग अर्थ टेस्टर लावून मोजून घ्या. पाच ओहमच्या आत आलं तर समाधान माना. टेस्टर नसलेला माणूस नुसतं ‘झालं’ म्हणाला तर पैसे देऊ नका.

त्याच वेळी मीटरपासून गाडीसाठी वेगळी लाइन ओढा. पंधरा-सोळा अँपिअरच्या सॉकेटला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतःचा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच). कार कित्येक तास सलग पूर्ण करंट ओढते. इस्त्री किंवा गिझरसारखं तिचं काम थोड्या वेळात संपत नाही, म्हणून सैल सॉकेट वितळतो. एक्स्टेन्शन बोर्ड तर नकोच. हा सगळा खर्च काही हजारांत बसतो. गाडीच्या किमतीपुढे तो काहीच नाही, तरी लोक सीट कव्हरवर खर्च करतात आणि इथे हात आखडतात.

प्रश्न : माझी केळीची बाग आहे. साडेसात एचपीच्या मोटारीचं वीजबिल माफ आहे. गाडी मळ्यातच उभी असते, तर तिथल्या स्टार्टरच्या पेटीतून चार्जिंग घेतलं तर? (रावेर तालुका)

दादा, नको. शेतीपंपाची वीज पंपासाठी मंजूर आहे. मंजूर कामाव्यतिरिक्त दुसऱ्या कामासाठी ती वापरली तर वीज कायदा २००३ चं कलम १२६ लागतं आणि दुप्पट दरानं आकारणी होते. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेतून साडेसात एचपीपर्यंत माफी आहे ती पंपाच्या विजेला. आणि कायदा बाजूला ठेवला तरी ती वीज गाडीच्या लायकीची नाही. शेतीच्या फीडरवर पाळीनं पुरवठा, पाणी भरायच्या दिवसांत व्होल्टेज खाली, मध्येच एक फेज गेलेली. चार्जर बंद-चालू होत राहील, नाहीतर जळेल. सौर पंप असेल तर त्याच्या कंट्रोलरमधून निघणारी वीज मोटारीपुरतीच असते, तिथेही गाडी लावू नका.

तुमच्यासाठी खरी सोय गावातल्या घराच्या छतावर आहे. पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३० हजार आणि ३ किलोवॉट किंवा जास्तीला एकूण ७८ हजार रुपये केंद्राचं अनुदान मिळतं. आपल्याकडे एक किलोवॉट वर्षाच्या सरासरीनं दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज देतो. ३ किलोवॉट म्हणजे साधारण बारा युनिट. कार एका युनिटला सहा-सात किलोमीटर चालते, म्हणजे रोज सत्तर-ऐंशी किलोमीटरची वीज तुमच्याच छतावर पडते आहे. दिवसा गाडी मळ्यात असली तरी बिघडत नाही : नेट मीटरमुळे दिवसा ग्रिडला दिलेले युनिट रात्रीच्या वापरातून वजा होतात. खान्देशाला ऊन कमी पडत नाही, ते कामाला लावा.

प्रश्न : मेमध्ये आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. बॅटरी खराब होईल का? फुटेल का? (अमळनेर, एक शिक्षिका)

ताई, नुसत्या उन्हानं फुटणार नाही. उष्णतेनं बॅटरी लवकर म्हातारी होते, हे मात्र खरं आहे. शंभर टक्के भरलेली बॅटरी तापलेल्या पत्र्याखाली दिवसेंदिवस उभी ठेवणं तिला सगळ्यात जास्त बाधतं. शाळेच्या आवारात लिंबाची सावली असेल तर ती जागा सोडू नका. दुपारी उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका. रात्री जेवणं झाली की लावा, तोवर बॅटरीही निवते. घेण्याआधी बॅटरीला लिक्विड कूलिंग आहे का ते विचारा. आपल्या भागात मला ही सोय सनरूफपेक्षा कितीतरी महत्त्वाची वाटते.

शंभर टक्के भरायची की ऐंशी, हा वाद बॅटरीच्या जातीवर ठरतो. एलएफपी असेल तर अधूनमधून पूर्ण भरावीच लागते, कारण त्या बॅटरीचं व्होल्टेज चार्ज कमी होत असतानाही बराच काळ जवळपास तेवढंच राहतं आणि मध्येच किती चार्ज उरला हे गाडीला नीट कळत नाही. एनएमसी असेल तर रोज ऐंशीवर थांबवा आणि प्रवासाच्या आदल्या रात्री पूर्ण भरा. कोणती आहे ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. एसीची भीती बाळगू नका. निघायच्या आधी प्लग लावलेला असतानाच गाडी गार करून घेतली की तो पहिला मोठा खर्च बॅटरीवर पडत नाही.

प्रश्न : रोज ४० किलोमीटर जाणं-येणं आहे. ७.२ किलोवॉटचा मोठा चार्जर बसवू का? वेगळं मीटर घ्यावं लागेल का? (धुळे)

मोठ्या चार्जरची गरज नाही. चाळीस किलोमीटरला वाया जाणारी वीज धरून सात युनिट लागतील. ३.३ किलोवॉटच्या साध्या चार्जरवर ते सव्वादोन तासांत भरतात आणि गाडी तर रात्रभर उभी आहे. मोठ्या चार्जरला ३२ अँपिअरची लाइन, जाड केबल आणि बहुतेक घरांत मंजूर भार वाढवण्याचा अर्ज, एवढं सगळं लागेल. घरी स्वतःची गाडी चार्ज करायला वेगळं मीटर सक्तीचं नाही, घराचाच दर लागतो. महिन्याला दोनशे युनिट वाढले की तुम्ही वरच्या टप्प्यात जाता, तेव्हा हिशेब वरच्या टप्प्याच्या दरानं करा. तसा केला तरी पेट्रोलच्या मानानं पुष्कळ वाचतात.

प्रश्न : कन्नड घाट चढताना बॅटरी संपून जाते असं ऐकलं. आम्हाला छत्रपती संभाजीनगरला वारंवार दवाखान्यात जावं लागतं. (चाळीसगाव)

आबा, आकडा मांडून पाहू. माणसांसह सतराशे किलोची गाडी, तीनशे मीटर चढ. एवढं वजन एवढं वर उचलायला दीड युनिटच्या आत वीज लागते. म्हणजे घाट तुमची दहा-बारा किलोमीटरची रेंज खातो, त्याहून जास्त नाही. येताना उतारावर मोटरच जनित्र होते आणि त्यातला बराच भाग परत बॅटरीत येतो. फक्त घाटाच्या माथ्यावर बॅटरी काठोकाठ भरून उतरू नका. तेव्हा परतीची वीज ठेवायला जागा नसते आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

रेंज खरी कमी होते ती वेगानं. ताशी ८० वरून १०० वर गेलात की हवेचा विरोध दीडपटीहून वाढतो. दवाखान्याच्या फेरीला घरून पूर्ण भरून निघा. कंपनीनं सांगितलेल्या रेंजच्या दोन-तृतीयांश धरूनच बेत आखा. वाटेत फास्ट चार्जर वापरला तर ऐंशी टक्क्यांवर काढून घ्या, पुढचे वीस टक्के भरायला फार वेळ जातो. पेशंट सोबत असताना जिथे एकच गन (गाडीत लावायचा चार्जिंगचा प्लग) आहे अशा ठिकाणावर भिस्त ठेवू नका. निघण्यापूर्वी तो चार्जर चालू आहे का ते फोन करून विचारा.

प्रश्न : लाइट गेली की इन्व्हर्टरवर चार्ज होईल का? (नंदुरबार)

नाही. घरचा इन्व्हर्टर पंखे-दिव्यांसाठी असतो, कारचा चार्जर त्याला लावताच तो बंद पडेल. लाइट आली की बहुतेक चार्जर आपोआप पुन्हा सुरू होतात. बॅटरी चाळीस टक्क्यांखाली जाऊ न देण्याची सवय लावली की एका रात्रीच्या भारनियमनानं अडत नाही. वळवाच्या दिवसांत वीज कडाडायला लागली तर मात्र प्लग काढा आणि मीटरजवळ सर्ज प्रोटेक्टर बसवून घ्या.

प्रश्न : महिनाभर मुलीकडे पुण्याला जायचं आहे. गाडी चार्जिंगला लावून ठेवून जाऊ का? (भुसावळ)

नको, मावशी. मोठी बॅटरी पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवा, ती महिनाभर तशीच राहते. उतरते ती बारा व्होल्टची छोटी बॅटरी. ती मेली की मोठी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही. शेजारच्या कुणाला किल्ली देऊन आठवड्यातून एकदा गाडी थोडा वेळ चालू करायला सांगा. उभ्या गाडीत उंदीर शिरून वायरी कुरतडतात, म्हणून अंगणात धान्याचं पोतं गाडीजवळ ठेवू नका. आणि चार्जर सॉकेटमधून काढून, त्या लाइनचा एमसीबी खाली पाडूनच घराला कुलूप लावा.