वाड्यावर निघालेल्या पोरीला

प्रिय पोरी,

तुझा साडेसात मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला, एकदा भाजी निवडता निवडता आणि एकदा नीट खुर्चीत बसून. मार्चमधल्या वणव्यात जळालेल्या त्या धनगरवाड्यावर दिवाळी करायची, अकरा घरं, प्रत्येक घराला हातानं केलेला कंदील, शंभर पणत्या, फराळाचे डबे, आणि शेवटी तू अगदी अभिमानानं सांगितलंस ते म्हणजे "काकू, आम्ही ठरवलंय, त्यांच्याकडून साधा चहासुद्धा घ्यायचा नाही." काम चांगलंय, ते आधीच सांगून टाकते कारण पुढं मी बरीच कटकट करणाराय.

तो चहाचा नियम आधी रद्द कर.

का ते सांगते. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांच्या पण वर गेली, तेव्हा कोल्हापुरात आमच्या शाहूपुरीतल्या घरात माझी दोन्ही शिलाई मशीनं पाण्याखाली होती, क्लासच्या पोरींची अर्धवट शिवलेली ब्लाऊजं सुद्धा, आणि पलीकडं कुंभार गल्लीत तर गणपती तोंडावर आलेले आणि मूर्तींचा चिखल. त्यातनं कसंबसं वर आलो आणि दिवाळी आली. कुठली तरी पोरंपोरी कंदील घेऊन दारात, स्वतः केलेले, पतंगी कागदाचे, झिरमिळ्या इतक्या बारीक कापलेल्या की माझ्यासारखी शिवणारी बाईपण बघत राहिली. मला दारात उभं केलं, फोटो काढला, मी हसले पण. मग म्हटलं बसा, चहा ठेवते. तर "नको नको काकू, तुम्ही कशाला त्रास घेताय" म्हणत भराभरा पुढच्या दारात गेली. मी पातेलं हातात घेऊन उभी. खरं सांगू, घरात कमरेएवढं पाणी होतं तेव्हा मला कधी वाटलं नाही की आपण पूरग्रस्त आहोत, ते त्या दिवशी वाटलं. पोरं वाईट नव्हती गं, लई गोड होती, पण माझ्या घरचा चहा घेण्याएवढी मी त्यांच्या बरोबरीची उरले नव्हते, असं झालं ते.

आता वाड्याचं. तू जाशील तेव्हा डोंगर हिरवागार दिसेल, फसू नकोस. गवत तर पहिल्या पावसात येतं. तिथली माणसं म्हशीवर जगणारी, दिवाळीच्या आगंमागं गवत कापायचं, गंजी रचायची आणि ती पुढच्या जूनपर्यंत पुरवायची असा त्यांचा हिशोब. मार्चला गंजी जळाली म्हणजे घरातलं तीन महिन्यांचं धान्य जळल्यासारखंच झालं, फक्त खाणारी तोंडं म्हशीची. मग कुणी विकतचा कडबा घेतला, कुणी म्हैस विकली. ज्या दावणीला चार होत्या तिथं आता दोन दिसतील, मोजत बसू नकोस आणि "बाकीच्या कुठं गेल्या" असं तर अजिबात विचारू नकोस. आणि वणवा कुणी लावला हा विषय काढायचा नाही. आपल्याकडचे वणवे बहुतेक माणसाच्याच हातनं लागतात, कुणी नवीन गवत चांगलं फुटतं म्हणून पेटवतो, कुणाची बिडी, कुणी बांध जाळताना वारा सुटतो. प्रत्येकाच्या मनात एक नाव असतं आणि बऱ्याचदा ते नाव शेजारच्याच वाडीतलं असतं. तू दोन तासांसाठी जाणार, त्यांना तिथंच राहायचंय.

मी मे महिन्यात गेलेले तिथं, तुला सांगितलं नव्हतं. पंचनामा तोवर झाला होता, त्यात घर, गोठा, जनावर, भांडी असं सगळं. एका आजीला विचारलं, काय काय जळालं? (काय पाहिजे असं विचारू नकोस बरं का, काय पाहिजे म्हटलं की माणूस "काही नको" म्हणतो, काय जळालं म्हटलं की बोलतो.) आजी म्हणाली, वाकळा. सात वाकळा होत्या, एक तिच्या सासूनं शिवलेली. मग तिनं पत्र्याची एक डबी काढली, झाकण काळं पडलेलं, आत सुया. त्यातली एक मला दिली आणि म्हणाली शिवून बघ. मी पदराच्या कोपऱ्यात खुपसली तर सुई वाकली की गं, तारेसारखी! आगीत तापून पोलाद मऊ पडलेलं. दिसायला सुई, काम सुईचं नाही. आजी हसत होती, आणि मला मेलीला काय बोलावं कळेना. एवढी वर्षं हातात सुई घेऊन बसलेय पण असली सुई पहिल्यांदा बघितली.

तर कंदील कर, पण अकराच कर, जास्त नको, आणि उरलेल्या वेळात वाकळंचं सामान गोळा कर. शिवलेली वाकळ नको नेऊस, सामान ने. त्या बायकांना आपल्यापेक्षा चांगली येते शिवायला, कडेनं सुरू करून फेऱ्या मारत मध्यापर्यंत येतात, धावदोरा असा की मशीननं लाजावं. त्यांना पाहिजे जुनी सुती लुगडी आणि धोतरं, आणि तीच आता मिळत नाहीत. लोक तुला ढिगानं पॉलिस्टरच्या साड्या देतील, घेऊ नकोस, तोंडावर नाही म्हण. एक तर चार थरातनं सुई घसरते, आणि दुसरं म्हणजे चुलीपुढं ठिणगी पडली तर ते वितळून अंगाला चिकटतं, ज्यांनी आग बघितलीय त्यांना हे शिकवावं लागत नाही. सुया मात्र चांगल्या घे, मोठ्या नाकाच्या, आणि जाड दोऱ्याची रिळं. हे सगळं कापडाच्या पिशवीत घाल, पिशवी तूच शिव, ती झाली तुझी हातानं केलेली भेट. टीप डबल मार, मागच्या वेळेसारखी उसवायला नको.

पणत्यांचं मला खरंच बरं वाटेना. शंभर पणत्या एका ओळीत, फोटोला झकास, पण मे महिन्यात आजीच्या नातवाला मी बघितलंय, कुणीतरी काडी ओढली नुसती तर पोरगं उठून आईच्या मागं गेलं. दिवाळी म्हणजे दिवा आलाच, मी नाही म्हणत नाही. पापाच्या तिकटीला नाहीतर कुंभार गल्लीत मातीच्या पणत्या घे आणि नुसत्या हातात दे, लावायच्या का, किती, कुठं, ते घरातली बाई ठरवेल. फटाके एकसुद्धा नाही, कुणी फुकट दिले तरी नाही, गवत वाळायला लागलेलं असतं तेव्हा. त्यापेक्षा पोरांना घेऊन किल्ला करा, दगडमाती तिथं लागेल तेवढी, त्यात तुमची शहरातली पोरं त्यांच्याकडनं शिकतील, कारण ती रोज डोंगरच बघतात.

माझा भाचा कॅलिफोर्नियात असतो, त्यानं मागं एक सांगितलेलं. तिकडं पॅराडाइज म्हणून गाव आहे, २०१८ च्या नोव्हेंबरात वणव्यात जवळजवळ सगळं गाव जळालं, ८५ माणसं गेली, नाताळ दीड महिन्यावर. तिथं एका कलाकार बाईनं लोकांकडनं जळालेल्या घरांच्या, दुकानांच्या किल्ल्या मागितल्या. घर नाही पण किल्ली खिशात, अशी अवस्था सगळ्यांची. सुमारे १८ हजार किल्ल्या जमल्या आणि त्यातनं तिनं पंख पसरलेला मोठा पक्षी केला, वर्ष झालं त्या दिवशी तो गावाला दाखवला. मला त्यातलं काय आवडलं माहितीय, तिनं आधी मागितलं. ज्यांचं सगळं गेलं त्यांच्याकडंच हात पसरला.

म्हणून फराळाचे डबे स्टीलचे ने, प्लॅस्टिकच्या पिशव्या नकोत. पिशवी टाकून देता येते, डबा परत द्यावा लागतो, आणि आपल्याकडं कुठलीच बाई डबा रिकामा परत देत नाही, जळालेल्या घरातली तर नाहीच नाही. नाचणी नुकती निघालेली असेल, मूठभर नाचणी घालतील, नाहीतर चमचाभर तूप. तू लगेच "अहो कशाला" सुरू करशील, मला माहितीय तू कशी आहेस. गप घ्यायचं. आणि तिथं बसून चहा प्यायचा, दूध जास्त आणि साखर लई असते, तोंड वाकडं करायचं नाही.

सोमवारी संध्याकाळी ये घरी, सातच्या आत, नंतर लाईट जाते. माझ्याकडं सहा सुती साड्या निघाल्यात, त्यातली एक आईची इरकल आहे, काठ अजून धड आहे, ती आजीला दे आणि सांग आतल्या थरात घाला, वरती नको. आणि तिच्याकडची वाकलेली एक सुई माझ्यासाठी मागून आण.

तुझी,
काकू